मुक्तस्रोत प्रकल्पातील पहिले पाऊल

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हल्ली हमखास मिळणारा एक सल्ला म्हणजे, 'एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात काम कर.' सल्ला चांगलाच आहे. पण देणारे बहुधा तेवढ्यावरच थांबतात. कोणत्या प्रकल्पात जायचे, तेथे कोणाशी बोलायचे आणि पहिल्या दिवशी नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे उत्साहाने गेलेले अनेक जण लवकरच हिरमुसून परत फिरतात. यात प्रोग्रॅमिंगच्या ज्ञानाचा तोकडेपणा क्वचितच असतो. 'ओपन' या शब्दाचा अर्थच त्यांना अर्धा समजलेला असतो.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, कोणालाही वाचता येते, उतरवून घेता येते, तीत हवा तो बदल करून आपल्या संगणकावर वापरता येते आणि परवान्याच्या अटी पाळून दुसऱ्याला देताही येते. हा हक्क परवान्यानेच दिलेला असल्याने कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र प्रकल्पाची जी मुख्य प्रत असते, जिच्यापासून पुढची आवृत्ती तयार होते, तीत बदल करण्याचा अधिकार मोजक्याच लोकांकडे असतो. त्यांना मेंटेनर म्हणतात. बाहेरच्याने केलेला बदल त्यांनी तपासून स्वीकारला, तरच तो मुख्य प्रतीत येतो. नवोदिताचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

ही रीत नवी नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लोकांसमोर ठेवला. लोक त्यांना सुधारणा पाठवीत, टोरवाल्ड्स त्यातल्या पटतील त्या घेत आणि उरलेल्या बाजूला सारत. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मध्ये रूढ झाले. साधने बदलली, प्रकल्प अफाट वाढले, पण पाठविणारे अनेक आणि तपासणारे थोडे हे प्रमाण आजही कायम आहे.

पहारा कशासाठी?

या थोड्या लोकांवर केवढा भार असतो, हे दोन घटनांवरून कळते. पहिली २०१४ मधील. इंटरनेटवरील बँका, दुकाने आणि ई-मेल यांची गोपनीयता ज्या 'ओपनएसएसएल'वर मोठ्या प्रमाणात अवलंबून होती, त्यात 'हार्टब्लीड' नावाचा दोष असल्याचे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये उघड झाले. एका स्वयंसेवकाने पाठविलेल्या बदलात आलेल्या माहितीची लांबी पडताळून पाहण्याची एक पायरी राहून गेली होती. तपासणाऱ्याच्याही ती नजरेतून सुटली आणि ३१ डिसेंबर २०११ रोजी तो बदल मुख्य प्रतीत दाखल झाला. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. निम्मे जग ज्यावर विसंबून होते, त्या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलरच मिळत होते, ही बाब त्यानंतर लोकांच्या लक्षात आली.

दुसरी घटना अधिक अस्वस्थ करणारी आहे. 'एक्सझेड' हे माहिती आटोपशीर करून साठविण्याचे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर असते. लासे कॉलिन हे ते बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत होते. २०२१ मध्ये 'जिया टॅन' या नावाने कोणी तरी त्यांना छोट्या, उपयुक्त सुधारणा पाठवू लागले. पुढच्या वर्षी काही अनोळखी नावांनी 'कामाची गती मंद आहे, आणखी कोणाला अधिकार द्या' असा तगादा लावला. थकलेल्या मेंटेनरने मदतीला आलेल्या त्या 'सहकाऱ्या'कडे हळूहळू अधिकार सोपविले. २०२४ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्या व्यक्तीने चोरदरवाजा बसविला होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला, म्हणूनच २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार बाहेर आला. 'जिया टॅन'मागचा खरा माणूस किंवा गट कोण, हे उघड झालेले नाही.

नवख्या माणसाने पाठविलेल्या दहा ओळींकडे मेंटेनर संशयाने का पाहतो, याचे उत्तर या दोन घटनांत आहे. एकदा स्वीकारलेल्या ओळी पुढे वर्षानुवर्षे त्यालाच सांभाळाव्या लागतात. पाठविणारा मात्र कदाचित पुन्हा फिरकतही नाही. म्हणून सुरुवातीला आपली हुशारी दाखविण्यापेक्षा त्याचा वेळ वाचविणे अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रकल्प कसा निवडावा?

सर्वांत प्रसिद्ध प्रकल्प शोधून त्यात उडी घेणे, ही सर्रास होणारी चूक आहे. आपण रोज जे वापरतो, त्यातच काम सुरू करणे श्रेयस्कर. वापरणाऱ्यालाच कोठे खुपते ते ठाऊक असते. प्रकल्प जिवंत आहे की नाही, हेही आधी पाहावे. गेल्या महिन्याभरात काही बदल स्वीकारले गेले का, बाहेरच्या लोकांनी पाठविलेल्या बदलांना उत्तरे मिळतात का, परवान्याची फाइल आहे का, एवढे पाहायला अर्धा तास पुरतो. वर्षभर अनुत्तरित पडलेल्या प्रस्तावांची रांग दिसली, तर तेथे आपलाही प्रस्ताव त्याच रांगेत जाईल, हे समजून घ्यावे.

उदाहरणादाखल 'लिब्रेऑफिस' घेता येईल. पत्रे, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरणे करण्यासाठी ते जगभर वापरले जाते आणि मराठीतही उपलब्ध आहे. त्याचे मूळ जर्मनीतील 'स्टारडिव्हिजन' या कंपनीच्या 'स्टारऑफिस'मध्ये आहे. ती कंपनी १९९९ मध्ये 'सन मायक्रोसिस्टिम्स'ने विकत घेतली आणि २००० मध्ये कोड 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' या नावाने खुला केला. पुढे 'सन' 'ओरॅकल'च्या ताब्यात गेल्यावर अनेक कार्यकर्ते बाहेर पडले आणि सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' व 'लिब्रेऑफिस' यांची घोषणा केली.

या इतिहासाचा एक गमतीदार अवशेष कोडमध्ये उरला होता. मूळ प्रोग्रॅमरांनी ठिकठिकाणी लिहिलेल्या टिपा जर्मन भाषेत होत्या, आणि जगभरच्या नव्या मंडळींना त्या कळत नव्हत्या. तेव्हा या टिपांचे इंग्रजी भाषांतर करणे हेच नवोदितांचे एक ठरलेले काम झाले. जर्मन येणाऱ्या पण प्रोग्रॅमिंगमध्ये कच्च्या असलेल्या माणसालाही ते जमे. टिप बदलल्याने सॉफ्टवेअर बिघडण्याची भीती नव्हती, आणि काम करता करता कोड उतरवून घेणे, बदल नोंदविणे, तो तपासणीस पाठविणे ही सारी वाट पायाखालची होत असे. पहिले काम कसे असावे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आजही लिब्रेऑफिसमध्ये 'ईझी हॅक' अशी खूण केलेली कामे नवोदितांसाठी राखून ठेवलेली असतात. इतर अनेक प्रकल्पांत ती 'गुड फर्स्ट इश्यू' या नावाने आढळतात. अशा कामाखाली 'हे काम मला द्यावे' एवढीच ओळ लिहून वाट पाहत बसण्याची सवय आपल्याकडील विद्यार्थ्यांत बरीच आहे. पुष्कळ प्रकल्पांत कामे वाटून दिली जात नाहीत. जो करून पाठवील, त्याचे पाहिले जाते. 'आदरणीय सर' या संबोधनाचेही तसेच. तेथे सारे एकमेकांना नावाने हाक मारतात, आणि समोरची व्यक्ती 'सर' नसून महिलाही असू शकते.

कोडला हात लावण्यापूर्वी

कोड उतरवून घेतल्यावर तो आपल्या संगणकावर जसाच्या तसा बांधून, म्हणजे बिल्ड करून, चालतो का ते पाहणे ही पहिली पायरी. लहान प्रकल्पात हे काही मिनिटांत होते. लिब्रेऑफिससारख्या अवाढव्य प्रकल्पात साध्या लॅपटॉपवर पहिल्या बिल्डला कित्येक तास लागतात. या टप्प्यावर बरेच जण कंटाळतात. पण सूचनापत्रात लिहिल्याप्रमाणे करूनही जेथे अडखळायला झाले, ती जागा टिपून ठेवावी. जुन्या लोकांना ती अडचण दिसेनाशी झालेली असते. सूचनापत्रातील ते वाक्य दुरुस्त करणे हेच अनेकांचे पहिले योगदान ठरते.

दुसरे काम म्हणजे दोषांच्या नोंदी तपासणे. लिब्रेऑफिसच्या नोंदवहीत नव्याने आलेली तक्रार 'अनकन्फर्म्ड' म्हणजे अपुष्ट मानली जाते. दुसऱ्या कोणी तरी आपल्या संगणकावर तोच दोष घडवून दाखविला, की ती पुष्ट होते. याला एक ओळही प्रोग्रॅमिंग लागत नाही, चिकाटी मात्र लागते. कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे स्वच्छ लिहिलेली नोंद प्रोग्रॅमरचे कित्येक तास वाचविते. 'चालत नाही' एवढीच तक्रार कोणाच्याही उपयोगाची नसते.

येथे मराठी भाषकाला एक वेगळी संधी आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास', किंवा 'दर्या' आणि 'दऱ्या', या जोड्या पाहाव्यात. एकात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये या दुसऱ्या र साठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर ठरलेले आहे. एखाद्या फॉन्टने तो आडवा र नीट दाखविला नाही, शोध घेताना दोन शब्दांत गल्लत झाली किंवा ओळ मोडताना अक्षर तुटले, तर स्वयंपाकी गुरुजी होतात आणि डोंगरातल्या दऱ्या समुद्राला मिळतात. मराठी वळणाचे ल आणि श यांचीही हीच कथा. हिंदी छपाईतील त्यांचे वळण निराळे असल्याने मजकुराची भाषा मराठी आहे हे फॉन्टला कळून त्यानुसार आकृती बदलावी लागते. युरोपातल्या निष्णात प्रोग्रॅमरलाही पडद्यावरचे अक्षर चुकले आहे हे कळणार नाही. ती नोंद मराठी वाचणाऱ्यानेच करायला हवी. सोबत चुकीच्या आणि बरोबर अशा दोन्ही अक्षरांचे चित्र जोडले, तर काम निम्मे झालेच म्हणायचे.

भाषांतराचे कामही असेच कोडविना करता येते. लिब्रेऑफिसमध्ये ते 'वेबलेट' या साधनावर चालते. वाक्ये सुटी सुटी समोर येतात, त्यामुळे 'ओपन' हे क्रियापद आहे की विशेषण, हा पेच पदोपदी पडतो. वाक्यात मध्येच येणारी '%१' सारखी चिन्हे जशीच्या तशी ठेवावी लागतात, कारण तेथे पुढे फाइलचे नाव किंवा आकडा बसणार असतो. मराठीत क्रियापद शेवटी जाते आणि नामाला प्रत्यय लागतो, म्हणून त्या चिन्हाभोवतीचे वाक्य कौशल्याने रचावे लागते. आधीच्या भाषांतरकारांनी 'सेव्ह'साठी जो शब्द ठरविला असेल तोच पाळावा. स्वतःच्या आवडीचा शब्द अधिक सुंदर असला, तरी एकाच मेन्यूत दोन शब्द आल्याने वापरणाऱ्याची पंचाईत होते.

बदल पाठविताना

कोडमधील बदल सांभाळण्यासाठी बहुतेक प्रकल्प 'गिट' वापरतात. लिनक्सच्या कामासाठी टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये ते लिहिले. गिटच्या शेकडो आज्ञा आहेत, पण आरंभाला प्रत उतरविणे, वेगळी शाखा काढणे, बदल नोंदविणे आणि तो पाठविणे एवढ्या चार गोष्टी पुरतात. 'गिटहब'वरील प्रकल्पांत बदलाच्या प्रस्तावाला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. लिब्रेऑफिसचा कोड 'गेरिट' नावाच्या तपासणी व्यवस्थेतून जातो. लिनक्स कर्नलमध्ये आजही पॅच साध्या मजकुराच्या ई-मेलने पाठवितात, आणि कोणता भाग कोणाच्या देखरेखीखाली आहे हे कोडसोबतच्या 'मेंटेनर्स' नावाच्या फाइलमध्ये दिलेले असते.

साधन कोणतेही असो, एका वेळी एकच बदल पाठवावा. दोष दुरुस्त करता करता शेजारच्या वीस ओळींची मांडणीही नीटनेटकी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. तपासणाऱ्याला त्या विसांतून कामाच्या दोन ओळी शोधाव्या लागतात. बदलासोबतच्या टिपणात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहावे. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच. पाच वर्षांनी ती ओळ पाहणाऱ्याला 'का' एवढेच हवे असते. दोष पुन्हा उद्भवल्यास लगेच कळावे म्हणून एखादी स्वयंचलित चाचणी जोडली, तर त्याची किंमत मेंटेनरला चांगलीच कळते.

याच्या उलट काय होते, ते ऑक्टोबर २०२० मध्ये दिसले. 'हॅक्टोबरफेस्ट' या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठविणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षी टी-शर्टच्या लोभाने हजारो लोकांनी प्रकल्पांच्या माहितीपत्रकात एखादा विशेषणाचा शब्द घालून, एखादी मोकळी ओळ टाकून प्रस्ताव पाठविले. त्यांत भारतीय विद्यार्थी पुष्कळ होते. मेंटेनर मंडळी त्रासून गेली आणि अवघ्या तीन दिवसांत, ३ ऑक्टोबरला, आयोजकांना नियम बदलून केवळ स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या प्रकल्पांपुरता उपक्रम मर्यादित करावा लागला. आपल्याकडून गेलेल्या प्रामाणिक नवोदितांनाही पुढे काही काळ त्याची झळ बसली असणार.

पाठविलेला बदल पहिल्याच फेरीत स्वीकारला जाणे दुर्मीळ. गेरिटमध्ये यंत्रे आधी तो वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बांधून पाहतात, मग माणूस वाचतो. 'हे नाव बदला', 'येथे रिकामी किंमत आली तर काय?', 'ही सोय आधीच दुसरीकडे आहे' अशा सूचना येतात. त्या कोरड्या भाषेत असतात. तो अपमान नव्हे. वेळ खर्चून कोणी तरी आपले काम वाचले, याची ती खूण आहे. सूचना पटली तर दुरुस्त करून तोच प्रस्ताव अद्ययावत करावा, पटली नाही तर कारण देऊन विचारावे. काहीच उत्तर आले नाही, तर आठवडा-दोन आठवड्यांनी एक सौम्य स्मरण पुरे. मेंटेनरच्या खासगी पत्त्यावर किंवा फोनवर तगादा लावणे हा हमखास नकार मिळविण्याचा मार्ग होय.

हक्क कोणाचा?

या बाबीकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात आणि नोकरदार तर विसरूनच जातात. पाठविलेला कोड आपलाच आहे व तो देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी हमी प्रकल्प मागतात. 'एससीओ' कंपनीने २००३ मध्ये लिनक्सवरून 'आयबीएम'ला न्यायालयात खेचल्यानंतर कर्नलमध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी सही करण्याची पद्धत आली. लिब्रेऑफिसमध्ये नवोदिताकडून एकदाच परवान्याचे निवेदन घेतले जाते. भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, आणि सॉफ्टवेअर कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीतच मोडते. शिवाय कंपन्यांच्या करारपत्रांत कधी कधी फावल्या वेळातील कामावरही हक्क सांगितलेला असतो. पुण्या-मुंबईतील कंपन्यांत काम करणाऱ्यांनी पहिला पॅच पाठविण्यापूर्वी आपले नेमणूकपत्र काढून वाचावे आणि शंका असल्यास लेखी परवानगी घ्यावी. नंतर वाद उद्भवला, तर कोड काढून टाकण्याची वेळ प्रकल्पावर येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या कोडचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. 'जेंटू' या लिनक्स प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये असे योगदान न स्वीकारण्याचे ठरविले. काही प्रकल्प तसे स्पष्ट नमूद केल्यास ते घेतात. 'कर्ल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये यंत्राकडून लिहवून घेतलेल्या, वरवर विद्वत्तापूर्ण पण पोकळ अशा सुरक्षा-तक्रारींबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली. प्रकल्पाचा नियम आधी वाचावा. आणि आपण पाठविलेल्या प्रत्येक ओळीचे कारण विचारल्यावर सांगता येत नसेल, तर ती पाठवू नये, मग ती कोणीही लिहिलेली असो.

पैशांबद्दल थोडे. 'गूगल समर ऑफ कोड' हा मानधन देणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून तो विद्यार्थ्यांपुरता न राहता अठरा वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नवोदितांना खुला झाला. 'आउटरीची' हा उपक्रम या क्षेत्रात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशांसाठी आहे. दोन्हींत निवड करताना त्या प्रकल्पात अर्जदाराने आधी काय केले आहे, हे पाहिले जाते. म्हणून अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर प्रकल्प शोधायला लागणे उशिराचे ठरते. दोन-तीन महिने आधी छोट्या दुरुस्त्यांनी ओळख झालेली असावी.

पहिला बदल मुख्य प्रतीत आला म्हणजे लगेच कोणतेही अधिकार मिळत नाहीत. त्याच भागातील आणखी चार-पाच दोष हाताळले, दुसऱ्या नवोदितांचे प्रस्ताव वाचून त्यांवर मत दिले, असे काही महिने गेल्यावर मेंटेनर स्वतःहून विचारणा करतात. लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती सामान्यतः वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास येते. नोव्हेंबरच्या आरंभी स्वीकारलेली 'ऱ'ची दुरुस्ती फेब्रुवारीच्या आवृत्तीत बसू शकते. थोडा उशीर झाला, तर ती ऑगस्टमध्ये लोकांच्या संगणकांवर पोहोचते.